बुरणुसाची शेड कोणाकडे जावी

मी, कोकिळाबाई आधार ठेलारी, वय एकाहत्तर, धंदा बुरणूस, म्हणजे लोकरीची जाड पांघरुणे, करणे, राहणार पिंपळनेर, तालुका साक्री, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने नव्हे, स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझा मुलगा हितेंद्र याला शंका असल्यास त्याने आधी स्वतःचे तपासून घ्यावे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात ओरडून जे काही दिले असेल ते धरू नये.

१. राहते घर हितेंद्रला. ओट्यावर मोबाईलचे दुकान टाकायचे तर खुशाल टाकावे.

२. पाटल्या व बोरमाळ मुलगी सपना, राहणार पारोळा, हिला. तिने त्या मोडून वॉशिंग मशीन घेऊ नये. घेतलेच तर त्यात बुरणूस घालू नये, टोपी होऊन बाहेर येईल.

३. बँकेतली शिल्लक दोघांना निम्मी. भांडायचे असल्यास निदान तेराव्याचे जेवण उरकू द्यावे.

४. आता मागची शेड, पिंजण, चटया व लोकरीची पोती. दोन्ही मुलांना शेड विकायची घाई आहे. ती गेली की आमचा बुरणूस संपला, आणि ते मला मेल्यावरही सोसायचे नाही. म्हणून ज्याला लोकर एकसारखी पसरता येते, शेड त्यालाच.

बुरणूस विणत नाहीत. पिंजलेली लोकर चटईवर पसरायची, एक थर उभा, एक आडवा. मग साबणाचे कोमट पाणी शिंपडून चटईसकट गुंडाळायचे आणि लाटत राहायचे. लाटायला कोणीही गडी चालतो. पसरताना मात्र भल्याभल्यांची फजिती होते.

हितेंद्रने पाणी शिंपडल्यावर पातळ जागा पाहिली आणि वरून कोरडी लोकर डकवली. ओल्यावर कोरडी धरते का कधी? लाटता लाटता पापुद्रा सुटून त्याच्याच पायाला चिकटला, आणि हा म्हणतो लोकर खराब आहे! सपनाचा हात मध्येच रेंगाळतो. मध्ये डोंगर, कडेला जाळी. तिच्या बुरणुसात पाय नेहमी गार राहतात. जावयांना विचारा.

५. धाकटी जाऊ रत्ना. हिच्याशी माझे बोलणे बंद आहे, काम मात्र याच शेडमध्ये शेजारी. जळगावच्या प्रदर्शनात हिने भर गिऱ्हाइकांत माझा बुरणूस उन्हात धरला आणि म्हणाली, "अक्का, यामाईन बठ्ठं जयगाव दिसस!" आरपार अख्खे जळगाव दिसण्याइतकी जागा पातळ होती की नव्हती हा प्रश्नच नाही. गिऱ्हाइकासमोर बोलायची गरज काय होती?

तरीपण खोटे लिहून मरणार नाही. रत्ना डोळे मिटून लोकरीवर हाताची पाठ फिरवते आणि जिथे कमी तिथे चिमूटभर सोडते, पाण्याच्या आधीच. ती चहा ठेवायला गेली की मी गुपचूप तिच्या चटईवर हात फिरवून पाहिला आहे. खोड सापडावी म्हणून देवाला हात जोडले. कडेला तसेच मध्ये, मध्ये तसेच कडेला. मेलीने एकदाही संधी दिली नाही. जीव जळतो माझा, पण असा हात या तालुक्यात दुसरा नाही.

सबब शेड, आतील सर्व सामानासह, रत्नाला. मुलांनी हरकत घेऊ नये.

६. आज हितेंद्रने साक्षीसाठी नेमके रत्नालाच बोलावले. ती नवे लुगडे नेसून आली. ज्याला मिळकत जाते त्याची साक्ष नको, असे वकिलांनी सांगितले. आमचे बोलणे बंद असल्याने मला ते तिला सांगता येईना, म्हणून मी तोंडावर दार लावून घेतले. "तुना कागदले मी हातबी लावसू नई!" असे ओरडत ती गेली. अख्ख्या गल्लीने ऐकले.

तरी माझ्यामागे हा कागद तिला कोणीतरी वाचून दाखवावा. आधी तिला खाली बसवावे, शेडची किल्ली हातात द्यावी, आणि मगच वाचावे. ती रडेल. रडू द्यावे, पण लोकरीपासून लांब.

सही: कोकिळाबाई आधार ठेलारी

आमच्यासमोर सही झाली:
चंदन उखर्डू पाटील, शेजारी
प्राची राजदीप बैसाणे, शिक्षिका

पिंपळनेर, १७ जानेवारी २०२५