पिवळा इशारा

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आपला आठवडी बाजार अजून ओढ्याच्या कोरड्या पात्रातच भरतो. तुमची मिरची-मसाल्याची जागा दादा सांभाळतो, आणि शेजारी बांगड्यांचं दुकान मांडणारी चाचीही तीच. मी मात्र पुण्यात एसीत बसून रडारच्या पडद्यावर ढग बघते. एका कंपनीत पावसाचा अंदाज काढायचं काम आहे. कर्जत-मिरजगावकडच्या लोकांना आमचा मेसेज मोबाईलवर जातो. पिवळा म्हणजे जरा जपून, केशरी म्हणजे ओढ्या-नाल्यांतून बाहेर व्हा. लेक शिकली म्हणून तुम्ही अख्ख्या बाजाराला पेढे वाटले होते ना, त्या लेकीनं काय दिवे लावले ते ऐका.

यंदाच्या भाद्रपदातली गोष्ट. आधीच्या बाजारी मी केशरी इशारा दिला, बाजार उठला, आणि टिपूसही पडला नाही. लोकांनी मेसेज करकरून माझा उद्धार केला, साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. पुढच्या बाजारी दुपारी बघते तर वर डोंगराकडं एक ढग फुगत चाललाय. पुढं सरकायचं नावच नाही, जागच्या जागी ओततोय. इकडं बाजारात लख्ख ऊन. पण तिकडचं पाणी आपल्याच ओढ्याला उतरतं, हे काय मला कुणी शिकवायला हवं? सकाळचा मेसेज पिवळा होता. तो केशरी करायचा तर पुन्हा साहेबांसमोर उभं राहायचं, आणि पुन्हा चुकलं तर पुन्हा हसं. माझं धाडसच होईना. दादाला मात्र मी लगेच फोन लावला. माल भर आणि आत्ताच्या आत्ता वर ये, म्हटलं. आणि मी सांगितलं म्हणून कुणाला बोलू नकोस, हेही म्हटलं. आबा, लाज वाटते हे लिहिताना.

आपल्या पालाची दोरी चाचीच्या बांबूला बांधलेली असते, म्हणून शेजाऱ्याला सांगितल्याशिवाय बाजारात कुणी पाल सोडत नाही. लहानपणी मी एकदा तशीच गाठ सोडली, तिचं पाल बांगड्यांवर कोसळलं, आणि तुम्ही मला एकेक काच वेचायला लावली होती. दादानं रीत पाळली. पाल सोडताना तिला म्हणाला, पाणी यील असं वाटतंय, तुमीबी आवरा. तिनं मोबाईल त्याच्यापुढं धरला. पोरगी पिवळा म्हनतीय, तू उगं घाबरतोस, म्हणाली. पोरगी म्हणजे मी. दादाचं तोंड मीच बंद केलेलं, त्यानं पाल गुंडाळून टेम्पोत टाकलं. तो टेम्पो घेऊन काठावर पोचतो न पोचतो तोच पाणी आलं. चाची पेट्या वाचवायला गेली. दुकान गेलं, पेटीखाली सापडून पाय मोडला. लोकांनी ओढून काढली म्हणून जीव तरी वाचला.

मी नगरला दवाखान्यात तिला बघायला जाते. ती खाटेवर पडल्या पडल्या माझा हात धरते. तिला एकच काळजी खातेय, की आपल्याला धड दिसत नाही, मेसेज वाचण्यात तर चूक झाली नाही ना.

"पिवळाच हुता ना गं त्यो?"

"पिवळाच होता, चाची."

तिचा चेहरा एकदम मोकळा होतो. "मग कुनाचाच दोष न्हाई. तुला तरी काय ठाव असनार."

दादा पायथ्याशी उभा असतो. तो माझ्याकडं बघतो आणि पाण्याची बाटली भरून आणतो म्हणून बाहेर जातो. मी चाचीला संत्रं सोलून देते, तिच्या सुनेशी एक्स-रेबद्दल बोलते आणि निघते.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, ठाऊक आहे. सांगायचं होतं ते तिला. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही आता मला काही विचारणार नाही.