कंपनी या शब्दाविषयी

४ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मागच्या आठवड्यात मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. खोकला गेला का? तुमच्या कचेरीत जुन्या कागदांची धूळ फार म्हणतेस, तर तोंडाला रुमाल बांधत जा. चारचौघांत कसं दिसेल याचा विचार तू कधीपासून करायला लागलीस?

इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघराची खिडकी एकदाची दुरुस्त झाली. सुतार येतो येतो म्हणत महिनाभर आला नाही, आणि आला तो नेमका मी अंघोळीला गेल्यावर. जिन्यातला दिवा पुन्हा गेला आहे. वरच्या मजल्यावर दिवाळीपासून एक मुलगी राहायला आली आहे, तुझ्याहून लहान, एकटीच. परवा दार वाजवून म्हणाली, "मावशी, दुकानापर्यंत येता का? जरा कंपनी द्या ना." मी म्हटलं, "माझ्याकडे कुठली गं कंपनी द्यायला? एक होती, ती तुझ्या काकांनी तीस वर्षं कुणाला हात लावू दिली नाही." ती हसली, पण तिला काही कळलं नसावं.

त्यावरून तुला एक विचारायचं आहे. तू शब्दकोशाच्या कामाला आहेस, दिवसभर शब्दांची कुळं शोधत बसतेस. हा कंपनी शब्द मुळात आला कुठून? इंग्रजी आहे हे मलाही ठाऊक आहे, तेवढी शिकलेली आहे मी. पण इंग्रजीत तो कुठून आला, आणि त्याचा अगदी पहिला अर्थ काय?

लहानपणी मला कंपनी म्हणजे नाटक कंपनी, एवढंच माहीत. माझे आजोबा आमच्या भावंडांचा गोंधळ ऐकून ओरडायचे, "काय कंपनी जमलीय इथे!" म्हणजे टोळकं. मग तुझ्या बाबांचं स्थळ आलं. मधल्या माणसाने "मुलगा कंपनीत आहे" एवढंच सांगितलं आणि आईने कुठल्या, कसल्या, काही विचारलं नाही. कंपनी म्हणजे पहिल्या तारखेचा पगार, झालं. पंखा घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "हा कंपनीचा आहे, तो आपला साधा." म्हणजे अस्सल माल तोही कंपनीच. आणि या घरात तर उठता बसता तेच. कंपनीचा भोंगा झाला, कंपनीची गाडी चुकली, कंपनीने रजा दिली नाही. तू झालीस तेव्हा हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघायला आले, का, तर कंपनीत तपासणी होती. मी एकदा चिडून म्हटलं, "सवत आणली असतीत तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं." हे हसले, बूट घातले आणि गेले कामावर.

तुझ्या नोकरीच्या वेळचं पुन्हा उगाळत नाही. त्यांनी साहेबांकडे शब्द टाकून तुझी जागा पक्की केली आणि तू "मला नको तुमची कंपनी" म्हणून शब्दकोशाकडे निघून गेलीस. तेव्हापासून तुम्ही दोघं बोलत नाही आणि मी मधल्या मधे टपालखातं चालवते.

हे बरे आहेत. घरीच असतात. बोलणं थोडं कमी झालंय.

फोन मात्र करू नकोस, तो बिघडलाय आणि दुरुस्तीला माणूस मिळत नाही. पत्रच लिही. त्या शब्दाचं तेवढं विसरू नकोस. जमलं तर लवकर कळव.

तुझी,
आई


२ मार्च

चि. ठमीस आशीर्वाद.

फोन बिघडलेला नाही. तू फोन केला असतास तर मागून यांचा आवाज तुला ऐकू आला असता, म्हणून मी खोटं लिहिलं.

डिसेंबरात एका सकाळी दाढी करताना यांच्या हातातून ब्रश पडला. मी बाहेरून विचारलं, काय पडलं, तर उत्तर नाही. आत गेले तर तोंड एका बाजूला ओढलेलं आणि उजवा हात लोंबत होता. वरच्या मुलीने गाडी बोलावली. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. जीव वाचला, पायातही थोडं बळ आलंय, काठी घेऊन खिडकीपर्यंत जातात. बोलणं गेलं. एक शब्द सोडून सगळं गेलं. कुठला शब्द, ते तुला आता कळलंच असेल.

पाणी हवं असलं की "कंपनी". ऊन डोळ्यांवर आलं की "कंपनी". डॉक्टरांनी नाव विचारलं तरी तेच. बोलायला शिकवणारी एक बाई घरी येते. ती म्हणते, काहींचं असं होतं, एखादाच शब्द जिभेवर राहतो, त्याचा अर्थ लावत बसायचं नसतं. "तुम्ही शब्दाकडे बघू नका, सुराकडे बघा." मी बघते. घाईचा सूर म्हणजे बाथरूम, ओढलेला सूर म्हणजे पाठ दुखतेय. पण ठमे, ज्या शब्दापायी हा माणूस तीस वर्षं मला पुरा मिळाला नाही, नेमका तोच उरावा? माझं नाव नाही, तुझं नाही. हॉस्पिटलातून घरी आणलं त्या दिवशी मी नळ सोडून रडले.

तुला कळवलं नाही, कारण तू धावत आली असतीस. दारात उभी राहिली असतीस, आणि यांनी तुझ्याकडे बघून म्हटलं असतं, "कंपनी". ज्यावरून तू घर सोडलंस तेच. मला ते बघवलं नसतं.

जानेवारीअखेर यांच्याबरोबर काम करणारे पॅकिंगवाले काका भेटायला आले. कंपनीतलं दुसरं कुणी आलं नाही, हे एकटेच. त्यांना बघून हे इतके खूश झाले की त्यांचा हात सोडेनात. "कंपनी! कंपनी!" काकांना वाटलं, हे कंपनीची चौकशी करताहेत.

"अरे, कसली कंपनी घेऊन बसलास! विकली ना ती. तुझा लेथसुद्धा भंगारात गेला. आता तिथे गोदामं बांधताहेत."

मी मागून खुणा करतेय, गप्प बसा, गप्प बसा, पण काकांचं लक्ष कुठे? मला वाटलं, आता हे कोसळणार. ज्या यंत्राला मी कधी सुट्टीच्या दिवशीही त्यांच्या डोक्यातून काढू शकले नाही, ते भंगारात! पण हे शांत. नुसतं ऐकत होते, कुणा तिऱ्हाइताची बातमी ऐकावी तसं. काका जायला उठले तेव्हा मात्र यांनी त्यांची बाही धरली. "कंपनी."

"सांगितलं ना बाबा, संपली ती," काका म्हणाले, आणि बाही सोडवून घेऊन गेले. बिचाऱ्यांना बस गाठायची होती. दार लागलं तरी हे दाराकडेच बघत होते. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, हे सांगताहेत एक आणि आपण ऐकतोय भलतंच. बोलायला शिकवणाऱ्या बाईने अर्थ लावू नका म्हटलं होतं तरी मला राहवेना. म्हणून तुला ते पत्र लिहिलं.

त्यानंतर यांनी जेवण टाकलं. चमचा पुढे केला की तोंड भिंतीकडे. मऊ भात नको, सूप नको, काही नको. लाडीगोडी झाली, रागावून झालं. डॉक्टरांनी घसा तपासला, गिळायला काही अडचण नाही म्हणाले, एक औषध बदलून दिलं. अंगावरचे कपडे सैल व्हायला लागले. शेवटी डॉक्टर म्हणाले, "सोमवारपर्यंत वाट बघू, नाही तर नाकातून नळी घालावी लागेल." हे ऐकत होते. त्यांना समजतं सगळं. त्यांनी डावा हात नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघितलं.

तुझं पत्र आलं ते त्या शनिवारी दुपारी. यांनी दूधपावाचा वाडगा परत लोटला होता आणि मी ओट्याशी उभ्या उभ्या माझं जेवण उरकत होते. एका हातात पाव आणि बटाट्याची ताटली, दुसऱ्यात तुझं पत्र. तू लिहिलं होतंस, इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून घेतला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन आहे. त्यात दोन तुकडे, एक म्हणजे 'सोबत' आणि दुसरा म्हणजे 'पाव'. एकत्र बसून पाव खाणारी माणसं, ती कंपनी. पलटणी, व्यापारी, कारखाने, हे सगळं मागाहून चिकटलेलं. आणि खाली तुझी ती तिरकी अक्षरं: 'आई, गंमत बघ, आपला पाव पोर्तुगिजांकडून आला, तोही त्याच लॅटिन घराण्यातला. दोघं सख्खे भाऊबंद, आणि आपल्या घरात एकमेकांना ओळख देत नाहीत!'

तू गंमत म्हणून लिहिलंस. मी ताटलीकडे बघत राहिले.

तुझे बाबा आणि मी एकत्र कधी जेवलो गं? पाळ्यांची नोकरी, जेवण कंपनीच्या कँटीनमध्ये. एकदा घरच्या माणसांना कंपनी बघायला बोलावलं होतं, तेव्हा ते कँटीन मी पाहिलं. लांबच लांब बाक, सगळे खांद्याला खांदा लावून बसलेले, एकमेकांच्या ताटातलं उचलताहेत, आणि मधोमध हे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसताहेत. हा कोण माणूस, असं मला झालं. घरी तर आल्यावर मी वाढायची, हे खाली मान घालून जेवायचे, आणि मी मागाहून स्वयंपाकघरात. निवृत्त झाल्यावरही तसंच चालू राहिलं. कुणी ठरवलं नव्हतं. आणि आजारपणात तर मी भरवणारी आणि हे भरवून घेणारे, म्हणजे एकत्र जेवणं बाजूलाच.

मी ताटली घेऊन यांच्या खोलीत गेले. स्टूल ओढलं, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसले. पाव मोडला, अर्धा यांच्या डाव्या हातात दिला आणि अर्धा मी खायला लागले. "खा" म्हटलं नाही. हे माझ्याकडे बघताहेत आणि मी चावतेय. इतकं अवघडल्यासारखं झालं, लग्नात घास भरवताना झालं नव्हतं तेवढं. मला हसू फुटलं. मग यांचा हात हळूहळू तोंडाकडे गेला.

फार वेळ लागला. शर्टभर चुरा झाला. पाव संपल्यावर यांनी न विचारता माझ्या ताटलीतला बटाटा उचलला.

नळी टळली. बोलायला शिकवणाऱ्या बाईला मी हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, औषध बदललं होतं ना, त्याने भूक लागली असेल. असेलही. मला काय त्यातलं कळतं? पण आता मी उभ्याने जेवत नाही.

रागाव माझ्यावर, तुझा हक्क आहे. फक्त रागावून गप्प बसू नकोस. घरात एक जण गप्प आहे तेवढं पुरे.

तुझी,
आई


१५ मार्च

चि. ठमे,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. 'किती लपवलंस' हे बरोबरच आहे.

तू विचारलंस, 'बाबा माझं नाव घेतात का?' नाही घेत. तुझा कॉलेजातला फोटो मी त्यांच्या हातात दिला. बराच वेळ धरून बसले. मग म्हणाले, तेच. यांचे सगळे सूर मला पाठ झालेत असं मला वाटत होतं, पण हा त्यातला नव्हता. हळू होता, आणि शेवटी तुटला. तुला बरं वाटावं म्हणून मी त्याला काहीतरी अर्थ चिकटवून पाठवू शकले असते. नाही पाठवत. एवढी वर्षं तुमच्या दोघांच्या मधे उभी राहून मी तेच करत आले. "बाबांनी तुझी चौकशी केली हं," असं मी किती पत्रांत लिहिलं, त्यातलं खरं किती होतं ते मलाच ठाऊक. आता मला ते जमत नाही.

माझं विचारलंस. मी धडधाकट आहे. पण ठमे, जेवायला सोबत मिळाली तरी बोलायला नाही मिळत. मी हल्ली दोघांचंही बोलते. "अहो, आज गार आहे, नाही?" आणि मग मीच, "हो ना, स्वेटर काढ." परवा दूधवाल्याला खिडकीच्या दुरुस्तीची हकिगत सांगत बसले. तो बिचारा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा. दार लावल्यावर माझी मलाच लाज वाटली. हे समोर बसलेले असतात, माझ्याकडे बघतात, आणि तरी दिवस संपता संपता वाटतं की आज माझ्याशी कुणीही बोललं नाही. हे कुणाला सांगणार? सांगितलं तर लोक म्हणतील, नवरा वाचला, अजून काय हवं हिला?

तू ये, असं मी म्हणणार नाही. तुझ्या रजा, तुझी कामं, आणि तुझा तो राग, सगळं मला ठाऊक आहे. पण आलीस तर दारातच तो शब्द कानावर पडेल, त्याची मनाची तयारी करून ये. तुझ्या कोशात त्याचे किती अर्थ दिले आहेत मला माहीत नाही. तुला जो ऐकू येईल तो तुझा. मी मधे पडणार नाही.

आज पत्र लिहायला बसले तेव्हा यांना पहिल्यांदाच सांगितलं, "ठमीला लिहितेय." आजवर कधी सांगितलं नव्हतं. हे उठले, काठी टेकत टेबलापाशी आले आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. डाव्या हाताने कागदावर वाकून बसले. मला वाटलं, नाव लिहिताहेत. झाली ती एक रेघ. लेथवर केसाएवढी चूक खपवून न घेणाऱ्या माणसाची, आणि सगळीकडे वाकलेली. ती झाल्यावर पेन माझ्यापुढे ठेवलं आणि घाम पुसला.

ती मी खोडली नाही. माझ्या नावाखाली आहे.

तुझी आई,
आणि ही रेघ तुझ्या बाबांची.