मुंगी उलटी चालते

प्रिय खारुताई,

पाकीट बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती स्वतः त्याच्यापेक्षा जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत उत्तम. दुकानात पंखे आणि पंप रांग लावून बसलेत. खिशात फोन असताना हा माणूस कागद कशाला काळे करतोय, असं तुला वाटेल. वाटू दे. परवा तू विचारलंस, "बाबा, मोठ्या कंपनीतली नोकरी धरू, की या तिघांबरोबर आणखी वर्षभर राहून आमचा खेळ पुरा करू? शुक्रवारपर्यंत कळवायचंय. तुम्हीच सांगा." तेव्हापासून माझ्या डोक्यात वाइंडिंग चालू आहे. तार गुंडाळतोय, गुंडाळतोय, आणि टोक कुठे गेलं ते सापडत नाही. उत्तराकडे येतो, पण मला सरळ रस्त्याने कुठे जाता येत नाही हे तू जाणतेसच. भाजी आणायला निघालो तरी वाटेत कुणाचा तरी मिक्सर बघून येतो.

खरं सांगू, तू हे कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायचं शिक्षण घ्यायचं ठरवलंस तेव्हा मला काही उमगलं नव्हतं. खेळ करायला विद्यापीठ कशाला लागतं? गिऱ्हाइकं विचारायची, मुलगी काय शिकते, तर मी "कॉम्प्युटर" म्हणून स्क्रू पिळायला लागायचो. पुढे कुणी खोदून विचारलं तर माझंच पितळ उघडं पडलं असतं. त्यात तू सांगितलंस की चौघांनी मिळून एकच खेळ करायचा आणि मार्कही चौघांना एकच. मला ते फारच विचित्र वाटलं. मी आपला एकटा शिकलेला माणूस. शाळा सुटली, मग शेजाऱ्यांचा बंद पडलेला पंखा खोलला आणि जोडला, तर तो उलटा फिरायला लागला. बिचारे उन्हाळाभर छताला वारा घालत होते, पण मला कधी बोलले नाहीत. माझे गुरुजी म्हणजे विजेचा झटका. चूक झाली की तिथल्या तिथे सांगायचे, आणि दुसऱ्या कुणाला कळायचंही नाही. चार डोकी एका कामावर बसवली तर काम होईल की पंचायत, अशी मला धास्ती होती.

आणि पहिल्या सत्रात पंचायतच झाली की. मुंगीच्या पायांची गोष्ट मी अजून दुकानात सांगतो आणि लोक हसून हसून बेजार होतात. तुमचा खेळ एका मुंगीचा. साखरेचा दाणा उचलून भल्यामोठ्या स्वयंपाकघरातून वारुळापर्यंत न्यायचा. चित्रं काढणारी ती तुमची ढब्बू, तिने मुंगीला चारच पाय काढले होते, चाल गोंडस दिसावी म्हणून. तुला ते खुपलं. तू तिला न विचारता, सुट्टीच्या दिवशी बसून, मुंगीला आणखी दोन पाय चिकटवलेस. आपण पुण्याचं काम केलं असं तुला वाटलं असणार. सोमवारी सगळे जमले, खेळ लावला, तर मुंगी लग्नातून झिंगून परतणाऱ्या पाहुण्यासारखी चालतेय. आवाजांचं काम करणारा तो मुलगा, जो स्वतः कधी बोलत नाही म्हणून तुम्ही ज्याला मुक्या म्हणता, त्याने पावलांचे आवाज चार पायांच्या तालावर बसवलेले. ताल एकीकडे आणि पाय भलतीकडे. ढब्बूने तुझ्याशी बोलणं टाकलं. तू रडत फोन केलास, तर मी काय म्हणालो? "तुझंच बरोबर आहे, मुंगीला सहा पाय असतात." वा रे बाप! पायांची संख्या बरोबर होती, पण त्याचं तिला काय करायचं होतं? तिचं काम तू तिच्या पाठीमागे बदललंस, हे तिचं दुखणं होतं. ते तुला तुमच्या सरांनी सांगितलं, मी नाही. मग तू ढब्बूची माफी मागितलीस, दोन पाय काढून टाकलेस, आणि चौघांनी मिळून ठरवलं की दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, आधी विचारायचं. आजतागायत एकाही खेळणाऱ्याने त्या मुंगीचे पाय मोजलेले नाहीत.

त्यानंतर तू दर सोमवारच्या तुमच्या उभ्या बैठकीचं सांगायचीस. गोल करून उभं राहायचं, प्रत्येकाने काय केलं आणि कुठे अडलं ते सांगायचं, आणि अडलं म्हणायला लाजायचं नाही. तुमचा तो चौथा, कामं वाटून देणारा आणि तारखा सांभाळणारा मुनीमजी, म्हणे खुर्च्याच काढून ठेवायचा, म्हणजे भाषणं लांबत नाहीत. मला ते इतकं आवडलं की मी घरी प्रयोग केला. तुझ्या आईला म्हणालो, चल, उभी राहा, सांग आज कुठे अडलंय. ती म्हणाली, "माझं लग्न झालं त्या दिवसापासून अडलंय, बसून सांगते." प्रयोग तिथेच आटोपला.

पण ज्या दिवसाबद्दल मला बोलायचंय तो म्हणजे तुम्ही अर्धवट खेळ लोकांना खेळायला दिलात तो दिवस. तू म्हणालीस, "बाबा, या. आम्हाला अशी माणसं हवीत ज्यांनी आयुष्यात कधी गेम खेळला नाही." म्हटलं, एवढी जबरदस्त पात्रता माझ्याशिवाय कुणाची असणार? तळघरातली ती लांबट खोली, ओळीने टेबलं, जमिनीवर वायरींचं जाळं (दोन ठिकाणी वायरचं वेष्टण निघालं होतं, ते मी येताना टेप लावून आलो), भिंतीवर रंगीबेरंगी चिठ्ठ्या. आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, "ज्याने केलं त्याने बोलायचं नाही." मला वाटलं गंमत असेल. चपला घातलेले तुमचे सर आले आणि नीट समजावून गेले: काका, तुम्ही खेळायचं, ही चौघं मागे बसून बघणार. तुम्ही अडलात तरी हे सांगणार नाहीत. कारण उद्या खेळ लोकांच्या घरी जाईल तेव्हा मागे बसून सांगायला ही नसणार. मग मुलांकडे वळून म्हणाले, नंतरसुद्धा काय दिसलं तेवढंच सांगायचं. काय करायला हवं होतं, ते नाही. मी मनात म्हटलं, पाहुण्याला पाटावर बसवून यजमान मुके, हा कुठला पाहुणचार?

बसलो. हातात ते बटणांचं यंत्र दिलंत. माझा अंगठा तारेने घासून घासून राठ झालेला, एक बटण दाबायला जावं तर दोन दाबली जायची. तरी मुंगी चालली, दाणा उचलला, ओट्यावरून फडताळापर्यंत पोचलो आणि फडताळाच्या फळीच्या कडेला येऊन खिळलो. पुढे रस्ताच नाही. खाली पाहिलं तर दरी. मागे गेलो, पुन्हा आलो. दाणा ठेवला, पुन्हा उचलला. कडेवर उभा राहून सगळी बटणं दाबून पाहिली. मुंगी नुसती मिशा हलवायची. शेवटी मी मोठ्याने विचारलं, "अगं, इथून कुठे जायचं?" मागून एक शब्द नाही. समोरचा पडदा जरा काळोखा झाला होता, त्यात मला तू दिसलीस. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होतीस आणि खालचा ओठ दातात धरला होतास. लहानपणी मी तुझ्या गणिताच्या वहीवर वाकायचो आणि माझी पेन्सिल तुझ्या आधी चालायची, त्याच्या अगदी उलट हे चित्र होतं. मला खूप राग आला, आणि त्या रागातच काहीतरी वेगळंही वाटलं, ते तेव्हा नीट कळलं नाही. पोर आपल्याला मूर्ख समजत नाहीये, असं काहीसं. आपल्याला वाट सापडेल अशी तिला आशा आहे, म्हणून ती गप्प आहे.

वाट सापडली नाही ती नाहीच. मी हात वर केले. तेव्हा सरांनी तुम्हाला बोलायची परवानगी दिली आणि मुक्याच पहिला बोलला, "काका, मुंगी उलटी चालते." म्हणजे फळीच्या खालच्या अंगाने, डोकं खाली पाय वर. मी कपाळावर हात मारला. एवढं साधं! घरात रोज बघतो आपण. पण मला सुचणार कसं? आणि तुमचे चेहरे बघण्यासारखे झाले, कारण तेव्हा तुम्हाला उमगलं की तुम्ही चौघं पहिल्या आठवड्यापासून त्या मुंगीला उलटं चालवत होतात, इतकं की ही गोष्ट खेळणाऱ्याला कळायला हवी हेच विसरून गेलात. माझ्या आधी बसलेले सगळे त्याच कडेवर अडले होते. मग तुमची जी जुंपली! मुनीमजी म्हणे पाटी लावू, बाण दाखवू. ढब्बू म्हणे माझ्या स्वयंपाकघरात बाण काढाल तर बघा. तू म्हणालीस, "काकांना काय दिसलं ते आधी विचारा." काका म्हणजे मीच, पण त्या खोलीत तू मला बाबा म्हणत नव्हतीस, आणि मला त्याचं का कुणास ठाऊक बरं वाटलं. मी सांगितलं, मला दरी दिसली. फळीला खालची बाजू आहे हेच मला दिसलं नाही. बस, एवढंच बोललो. खरं तर मलाही चार सूचना सुचल्या होत्या, जिभेवर नाचत होत्या.

मग सत्र संपताना सगळ्यांचे खेळ लोकांपुढे मांडायचा तो मोठा कार्यक्रम झाला, तेव्हा मी तुझ्या आईला घेऊन आलो. पाटी नव्हती, बाण नव्हता. फळीच्या कडेशी पोचलं की खालून एक दुसरीच मुंगी रिकाम्या हाताने, उलटी, आपल्याच तंद्रीत चालत जायची. एवढंच. पावलांचा आवाजही खालून यायचा, जरा दबका, तो मुक्याने किती वेळा केला असेल देव जाणे. एक चिमुरडी खेळायला बसली. कडेवर थांबली, दुसऱ्या मुंगीकडे पाहिलं, "अय्या" म्हणाली आणि सरळ उलटी चालायला लागली. मान वळवून आपल्या आईला म्हणाली, "मी शोधलं." तुम्ही चौघं भिंतीला टेकून उभे होतात. ढब्बूने तुझा हात धरला होता, तोच हात ज्याने तिच्या मुंगीला पाय चिकटवले होते.

पोरी, मला आभार मानायची सवय नाही. आपल्यात बापाने मुलीचे आभार मानले तर ती विचारते तब्येत बरी आहे ना. तरी मानतो. तुझे, आणि त्या तिघांचे, आणि चपलावाल्या सरांचे. मी एकट्याने शिकलो त्याचा मला अभिमान होता आणि अजूनही आहे. पण माझ्यामागे कुणी असं हात दाबून बसलेलं नव्हतं. कुणी बसलं असतं तर मी बहुधा आणखी चांगला कारागीर झालो असतो, निदान शेजाऱ्यांचं छत तरी गरम राहिलं असतं. दुसऱ्याला चुकताना बघत प्रेमाने गप्प बसणं हीसुद्धा शिकायची विद्या आहे, हे मला त्या तळघरात कळलं. या वयात नवी विद्या कोण देतं सांग. तुम्ही दिलीत, तीही फुकट, वर चहा पाजून.

आता तुझा प्रश्न. परवा मी "आवाज येत नाहीये, नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला, ते खोटं होतं. आवाज स्वच्छ येत होता. माझं मत तयार होतं, ओठांवर आलेलं होतं, आणखी एक श्वास घेतला असता तर बाहेर पडलं असतं, आणि तू ते ऐकलं असतंस, कारण तू माझं नेहमी ऐकतेस. म्हणून फोन ठेवला आणि म्हणून हे पत्र, कारण कागदावर लिहिलेलं खोडता येतं. दोनदा लिहून दोनदा खोडलंय, वरची गिचमिड त्याचीच. तुझी आई म्हणते, जन्मभर न विचारता सांगितलंत, आणि आता पोर विचारतेय तर मौनव्रत! तिचंही मत आहे, ते माझ्याहून वेगळं आहे, आणि तिलाही मी शपथ घातली आहे. तुला फक्त काय दिसलं ते सांगतो. नोकरीबद्दल बोलताना तू भराभर बोललीस, तिथली माणसं, तिथे शिकायला मिळेल ते, फोनवर नुसतं ऐकूनही कळत होतं की तुला तिथे जायची भूक आहे. खेळाबद्दल बोलताना मध्ये मध्ये थांबत होतीस. ते थांबणं भीतीचं की जिव्हाळ्याचं, ते मला ओळखता आलं नाही आणि ओळखल्याचा आव मी आणणार नाही. दोन्ही रस्त्यांना खालची बाजू असेल, ती इथे बसून मला दिसत नाही. शुक्रवारी जे कळवशील ते कळव. चुकलीस तर चुकलीस, परत येऊन दुसरीकडून जाता येतं. मी मागेच बसलोय, हात मांड्यांखाली दाबून, आणि खरं सांगतो, फार अवघड आहे गं हे.

तुझाच, तोंड मिटून बसलेला,
बाबा