कॉम्प्रेसर हाऊस नंबर दोन

उल्हासनगर, कॅम्प ४
शुक्रवार, २३ जानेवारी

मित्रवर्य महिपती यास,

भगवानचा सप्रेम जयभीम. गोदूवहिनींना नमस्कार सांग.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुझं पत्र आलं ते सहा डिसेंबरच्या आदल्या दिवशी, आणि आज संक्रांत होऊन नऊ दिवस झाले. बदलापूरला पोपटीला ये, शेतात मडक्यात शेंगा भाजू, चार दिवस राहा, असं तू लिहिलं होतंस. मी आलो नाही, येत नाही असंही कळवलं नाही. वालाच्या शेंगा आता जून झाल्या असतील आणि तू माझ्यावर रागावला असशील. (फोन केला असता, पण तुझे दोन्ही कान कंपनीत राहिले आणि माझा डावा. आपण फोनवर बोललो की दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनाच सगळं कळतं.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर तपासली का? माझं बीपी वर आहे. डॉक्टर म्हणतात गोळी बदलू, आमची जनाबाई म्हणते गोळी राहू द्या, आधी ती खुर्ची बदला. त्या खुर्चीबद्दलच लिहायला बसलो आहे.

तुला ठाऊक आहे, आमचा राजरत्न नाशिकला असतो आणि शनिवार-रविवार घरी येतो. सूनबाईला, मैत्रेयीला, नोव्हेंबरात नोकरी लागली. विमा कंपनीची कागदपत्रं तपासायची, घरी बसून, कॉम्प्युटरवर. अशी घरबसल्या नोकरी तिला दोन वर्षं शोधून मिळाली. पहिले तीन महिने कच्चे, मग पक्कं करणार. ऑफिस ऐरोलीला. तिथं रोज जायचं म्हटलं तर जाऊन-येऊन चार तास, आणि नातू सम्यक बाराला शाळेतून येतो, म्हणजे ते जमणार नाही. घरातलं नेट चाललं तर नोकरी आहे, नाही तर नाही, इतकं साधं आहे. मोबाईलचं नेट आतल्या खोलीत येत नाही, म्हणून नोव्हेंबरअखेर राऊटर घ्यायचं ठरलं. राऊटर म्हणजे टिफिनच्या झाकणाएवढी काळी पेटी, वर चार शिंगं.

ती बसवायला आमचा केबलवाला नारीभाई स्वतः आला. पंचावन्न वर्षांचा सिंधी माणूस, कामाला चोख, पण बोलण्यात घाई फार. तो म्हणाला, पेटी घराच्या मधोमध पाहिजे. मधोमध म्हणजे बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींची फळी, आणि जनाबाई तिथं वायरीचं टोकसुद्धा येऊ देईना. मग फ्रीजवर ठेवली, तिथं नेट मंद झालं. शेवटी शोकेसच्या बाजूला भिंतीला लागली. पेटीला पाच दिवे आहेत, त्यांतला एक सारखा लुकलुकतो. आता तूच सांग, आपल्याकडे दिवा लुकलुकला की आपण चहा खाली ठेवून पळायचो की नाही? मी नारीभाईला धरून ठेवलं. तो म्हणाला, "काका, चमक रही है मतलब काम कर रही है. नहीं चमकेगी तब डरो." मोबाईलवर आपल्या घराची नावं दोन दिसतात, म्हणून मला वाटलं एक लाइन कोणी तरी मधून काढून नेली. तर म्हणे तसंच असतं, एक तेज चालते पण भिंत आली की थकते, दुसरी सावकाश पण स्वयंपाकघरापर्यंत जाते. मला आपल्या दोघांची आठवण झाली. (तेज कोण ते लिहीत नाही. वहिनी पत्र वाचतात.)

मग तो म्हणाला, नाव काय देऊ? मी म्हटलं, कॉम्प्रेसर हाऊस नंबर दोन. शहाडच्या कंपनीत कॉम्प्रेसर हाऊस नंबर एकमध्ये आपण सव्वीस वर्षं काढली, मग दुसरं काय सुचणार. नारीभाईने लिहिलं आणि गेला. चौथ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी प्रमोद दारात. कॅम्प चारात तुला माहीत आहे, कोण घरात शिवणयंत्रं लावेल, कोण लेथ लावेल, नेम नाही, म्हणून ते सारखे डोळ्यांत तेल घालून असतात.

"काका, घरात कॉम्प्रेसर बसवलात? राहत्या घरात धंदा चालत नाही आपल्याकडे."

मी म्हटलं, कुठं आहे कॉम्प्रेसर, आत येऊन बघा.

"माझ्या मोबाईलवर दिसतोय ना. आणि हा दोन नंबर म्हणजे एक नंबर कुठं आहे?"

मी खरं ते सांगितलं, की एक नंबर शहाडला होता, तो बंद पडला. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. आता सोसायटीच्या कागदावर माझी शहाडला शाखा आहे.

पण हे सगळं किरकोळ. खरी गोष्ट पुढं आहे. नारीभाई जाताना म्हणाला, "काका, चोबीस घंटा चालू रहने दो, हात मत लगाना." महिपती, अशी कोणती मशीन असते जी चोवीस तास चालते आणि तिच्याजवळ माणूस नसतो? आपले फोरमन शंकरराव काय सांगायचे? चालत्या मशीनला पाठ करायची नाही आणि बदलीवाला आल्याशिवाय जागा सोडायची नाही. मी समोर खुर्ची टाकली. एक दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले: वेळ, दिवे, हाताला कशी लागते, शेरा, सही. तासातासाला नोंद. जनाबाईला दोन दिवस ड्युटी देऊन पाहिली, पण ती मशीनसमोर मेथी निवडत बसते आणि तोंड टीव्हीकडे. तिच्या भरवशावर सोडून जाणं मला जमलं नाही. परिणाम असा की दाढी घरीच होते, भाजी जनाबाई आणते, आणि यंदा मी सहा डिसेंबरला दादरलासुद्धा गेलो नाही. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. जनाबाई शेजारणींबरोबर गेली आणि परत आल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आता कळलं ना मी पोपटीला का आलो नाही? मला बदलीवाला नाही.

आता ज्याची लाज वाटते ते लिहितो. दुपारपर्यंत पेटी गरम होते. बेअरिंगवर हात ठेवायचो तसा तळवा ठेवून मी रोज बघतो. एक नंबरात आपण तीनला काय करायचो? चालता कॉम्प्रेसर बंद, शेजारचा चालू, थकलेल्याला विश्रांती. इथं शेजारचा नाही. म्हणून रोज तीनला मी बटन बंद करायचो आणि तीन-दहाला चालू. मैत्रेयी आतल्या खोलीत दार लावून काम करते, तिला खटका ऐकू जात नाही. तुला वाटेल, एवढीही अक्कल नाही का, की बंद केलं की नेट जाणार? महिपती, आपण कॉम्प्रेसर बंद केला तर खाली स्पिनिंगवाल्यांची हवा लगेच जायची का? टाकीत भरलेली असायची. दहा-पंधरा मिनिटं त्यांना पत्तासुद्धा लागायचा नाही. सकाळपासून पेटी चालते आहे तर घरात तेवढं नेट साठलं असेलच, असं मी धरून चाललो. सातवी शिकलेल्या माणसाने दुसरं काय धरून चालायचं?

डिसेंबरभर काही बिघडलं नाही, कारण तिची मीटिंग सकाळी असायची. जानेवारीपासून तिच्या प्रीती मॅडमनी ती दुपारी तीनला ठेवली. त्या दिवसापासून मैत्रेयी रडकुंडीला आलेली. रोज बोलता बोलता मॅडमचं तोंड उघडंच राहतं आणि चित्र थिजतं, म्हणे. दुसऱ्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या की घरी नेट टिकत नसेल तर ऐरोलीला येऊन बस. त्या दिवशी पोरीने भाकरीला हात लावला नाही. मीच तिला म्हटलं, तू काळजी करू नकोस, मी नारीभाईला धारेवर धरतो. आणि धरलं. तो चार वेळा आला. एकदा वायर बदलली, एकदा पेटी बदलली, एकदा खालच्या जीन्सच्या कारखान्यातल्या मशीनवर खापर फोडलं आणि त्यांच्याशी भांडून आला. चौथ्या वेळी, या सोमवारी, दुखरा गुडघा घेऊन गच्चीवर शिडी लावून चढला. शिडी मी धरली होती.

त्याचं काम चाललं होतं तेव्हा मी सहज विचारावं तसं विचारलं, नारीभाई, समजा मशीन बंद की, तो अंदर का माल कितना टाइम चलेगा?

"कौनसा माल?"

मी म्हटलं, नेट.

"काका, अंदर कुछ जमा नहीं होता. बटन बंद, सब बंद." आणि खाली वाकून, "साईं, शिडी पकडो, शिडी हिल रही है."

तेव्हापासून मी तीनला बटनाला हात लावलेला नाही. नेट अर्थातच एकदम छान चालतं. नारीभाई म्हणतो त्याने गच्चीवर बदललेल्या जोडामुळे. मैत्रेयीने त्याला पेढे दिले. मलाही दिला, शिडी धरली म्हणून. मी खाल्ला.

सांगावं की न सांगावं, हे कळत नाही. सांगितलं तर ती काही बोलणार नाही, आणि तेच मला सोसायचं नाही. ती "पप्पा" म्हणून हाक मारते, माझी गोळी संपायच्या आधी आणून ठेवते. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. न सांगावं तर नारीभाईचा गुडघा डोळ्यांसमोर येतो. तू शांत डोक्याचा आहेस, तुझा सल्ला काय तो लिही. बाकी सर्व ठीक. तुझ्या शेताच्या बाजूला नव्या इमारती आल्या म्हणतात, तेही लिही. लहानांना आशीर्वाद.

तुझा,
भगवान

ता. क. सल्ल्यासाठी लिहिलं असं वर म्हटलं, ते पूर्ण खरं नाही. येत्या शुक्रवारी, तीस तारखेला, दुपारी तीनला मैत्रेयीची पक्कं करायची मीटिंग आहे. आणि माझा माझ्या हातावर भरवसा नाही. काल खुर्चीत डुलकी लागली, जाग आली तेव्हा तीन वाजले होते आणि हात बटनावर होता. मी बाहेर जावं म्हटलं तर चालती मशीन सोडून कसा जाऊ? तू एकोणतीसला ये. शुक्रवारी अडीच ते साडेतीन खुर्चीत तू बस, मी खाली जीन्सवाल्याच्या ओट्यावर बसतो. सव्वीस वर्षांत तू मला बदली द्यायला एकदाच उशिरा आलास, तेही पोरीच्या बारशाचे पेढे घेऊन. पासवर्ड विचारायची गरज नाही, तुझाच बिल्ला नंबर आहे. माझा कोणीही ओळखला असता.

ता. क. २. उत्तरात बटनाचा उल्लेख करू नकोस. तुझं बारीक अक्षर मला आता दिसत नाही, तुझी पत्रं मैत्रेयीच वाचून दाखवते. "कामाचं कळलं, येतो" एवढंच लिही.

ता. क. ३. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं ते बरं झालं. आत्ता तीनची नोंद करायला वही उघडली. महिपती, माझ्या एक गोष्ट लक्षातच आली नव्हती. कंपनीत आपण खोटी नोंद कधी केली नाही, तशी इथंही केली नाही. गेल्या रविवारपर्यंतच्या प्रत्येक पानावर माझ्या अक्षरात आहे: ३.०० बंद. ३.१० चालू, हाताला थंड. खाली सही. आणि वही दोन महिने उघडी स्टुलावर. आजच्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात मैत्रेयीचं गोल अक्षर: "३० तारखेची मीटिंग ३.१५ ला मागून घेतली आहे. ३ ते ३.१० विश्रांती द्यायला हरकत नाही. पेटी चालू झाल्यावर दिवे बघून माझ्या दारावर टकटक करावी." खाली सही, तारीख, वेळ २.२०, म्हणजे मी पाकीट शोधायला आत गेलो होतो तेव्हाची. अगदी शंकरराव लिहायचे तसं. मी दारापर्यंत गेलो. आतून ती कोणाशी तरी कामाचं बोलत होती, म्हणून परत येऊन खुर्चीत बसलो. नारीभाईला अजून सांगितलेलं नाही. त्याच्या गुडघ्याची सूज उतरली की सांगेन.

तेव्हा शुक्रवारसाठी तू यायची तशी गरज उरली नाही. तरी ये. शनिवारी सकाळी तुला खुर्चीत बसवून मी दादरला जाऊन येतो, आणि मग राजरत्नला बसवून तुझ्याबरोबर बदलापूरला येतो. चार जून शेंगा उरल्या असल्या तरी चालतील. शनिवारच्या पानावर सहीच्या रकान्यात तुझं नाव मी शाईने लिहून टाकलं आहे. लिहिलेलं नाव खोडायचं तर शेजारी कारण लिहावं लागतं, तुला नियम माहीत आहे. सोमवारी सव्वीस जानेवारीची सुट्टी, पोस्ट बंद, पत्र तुला मंगळवार-बुधवारशिवाय मिळायचं नाही. म्हणून मिळाल्या मिळाल्या, चप्पल न काढता, दोन ओळी टाक.