ताईसाठी मारलेले खाके

सोमवार, ४ मार्च

शुद्धलेखन चुकणार, आधीच माफी. टायपिंगही हळू – दोन बोटांनी, आणि ह्या लॅपटॉपचं एक बटण दाबलं तर दाबलं, नाहीतर रुसलं. माफी कोणाकडे मागतोय तेही माहीत नाही, कारण हे कोणी वाचायचंच नाहीय. ताई म्हणाली, रोज काहीतरी टाइप कर, बोटं सुटतील. काय लिहू म्हटलं तर म्हणाली, "मनातलं लिही. मी नाही बघणार."

ती नाही म्हणाली म्हणजे नाहीच बघणार. तेच तर वाईट आहे.

आठवीनंतर शाळा सोडली. उभं राहून वाच म्हटलं की माझा घसा बंद व्हायचा. आता पेंटरकाकांकडे दुकानांच्या पाट्या रंगवायला जातो. तिथे बोलावं लागत नाही. काका मला वकीलसाहेब म्हणतात.

रविवार, १० मार्च

ताई शाळेत चित्रकला शिकवते. तिला अजून शिकायचंय – मुलांना चित्र कसं शिकवावं, ह्याचंच एमए. दोन वर्षं, लांबच्या शहरात, हॉस्टेलवर. अर्जाबरोबर एका विद्यार्थ्याची चित्रं द्यायचीत: आधी कशी काढायचा, शिकवल्यावर कशी काढायला लागला. तिने दोन महिन्यांपूर्वी मला धरलं. आई म्हणाली, "बरं झालं, प्रयोगाला उंदीर घरातच सापडला."

दर आठवड्याला एक वस्तू. समोर ठेवायची, बघायची, काढायची. खोडायचं नाही. ताई रविवारी बघते.

पहिली दोन माझी मीच काढली, किटली आणि खुर्ची. खुर्ची म्हणजे आजारी कुत्रं दिसत होतं. ताई म्हणाली, "छान." आजाऱ्याला भेटायला गेल्यावर म्हणतात तसं छान.

तिसऱ्या आठवड्यात ताईचे बूट होते. मी खाका मारला.

मंगळवार, १२ मार्च

खाका आमच्या दुकानात रोजचाच. चित्राची मोठी प्रिंट काढायची, रेघेरेघेवर सुईने भोकं पाडायची, तो कागद पाटीवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. खाली ठिपके उमटतात. ठिपके जोडले की झालं. काका म्हणतात, "मोकळ्या हाताने काढलेलं अक्षर आणि उधारीवरचं गिऱ्हाईक, दोन्ही कधी सरळ उभी राहत नाहीत."

बुटांचा फोटो मी गिऱ्हाइकाच्या प्रिंटांमध्ये घुसवला. भोकं पाडली, ठिपके जोडले, कोळसा झटकला. अर्धा तास.

ताईने कागद हातात घेतला आणि खाली बसली. "गप्पू," म्हणाली, "हे तू बघितलंस. खरंच बघितलंस." डोळ्यात पाणी होतं तिच्या. मी मान हलवली.

त्यानंतर कसं थांबणार. छत्री, नळ, तिची पर्स, आईचा चष्मा – सगळे खाकेच.

गुरुवार, २१ मार्च

अर्ज गेला आज.

शेवटचं टिपण ताईने तोंडी सांगितलं आणि मी टाइप केलं. माझाच सराव म्हणे! "माझा भाऊ बोलत नाही. पण त्याची रेघ आता न घाबरता बोलते." मी घाबरत घाबरत एकेक अक्षर शोधत होतो. पटापट टाइप करणारा माणूस खोटं एका मिनिटात उरकत असेल. मला पाऊण तास लागला.

"'घाबरता बोलते' असं टाइप केलंस," ताई मागून म्हणाली. "'न' राहिला." मी 'न' घातला.

मंगळवार, २ एप्रिल

काही नाही. काकांची मांजर टम्म फुगलीय. काका म्हणतात, आपल्या रंगाचा एक डबा कमी आहे, तिनेच खाल्ला.

रविवार, १४ एप्रिल

मुलाखतीला बोलावलं ताईला. पत्रात लिहिलंय, विद्यार्थ्याला बरोबर आणा. तो तिथे समोर बसून चित्र काढेल.

आई म्हणाली, "त्यात काय, घरी काढतोस तसंच काढ."

घास घशात अडकला. आईने पाठीत धपाटा मारला, पाणी दिलं.

सोमवार, १५ एप्रिल

सांगायला गेलो. ताई इस्त्री करत होती, मुलाखतीचा निळा कुर्ता. मला बघून म्हणाली, "हे सगळं तुझ्यामुळे चाललंय हं, गप्पू."

मी म्हटलं, "इस्त्री गरम आहे का?"

ती म्हणाली, "हात लावून बघ."

परत आलो.

मंगळवार, १६ एप्रिल

दुपारच्या सुट्टीत काकांचे बूट मोकळ्या हाताने काढून बघितले. काका वाकून म्हणाले, "वकीलसाहेब, हा बटाटा कोणाचा?"

शुक्रवार, १९ एप्रिल

सांगितलं.

दुकानातून सगळे खाके गुंडाळून आणले आणि ताईच्या पुढ्यात ठेवले. तिने एक उलगडून खिडकीसमोर धरला. भोकांतून उजेड आला आणि तिचे स्वतःचे बूट दिसले तिला.

"सगळी?"

"किटली आणि खुर्ची नाही."

तिने खाका पुन्हा नीट गुंडाळला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

रविवार, २१ एप्रिल

ताई माझ्याशी बोलत नाही. आईला सांगते, "त्याला म्हणावं जेवायला बस." मी समोरच असतो.

एक गोष्ट आत्ता कळतेय. आमच्या घरी माझं बोलणं ताईच करते. फोन तीच घेते. डॉक्टरला माझं पोट कुठे दुखतं ते तीच सांगते. काकांकडे कामाचं विचारायलाही तीच आली होती. ती गप्प म्हणजे मी दुप्पट गप्प.

बुधवार, २४ एप्रिल

संध्याकाळी ताई आली आणि लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. "बस. टाइप कर."

"माझ्या विद्यार्थ्याने मला खोटी चित्रं दिली. मी दर वेळी फसले. कारण त्याच्या पहिल्या खऱ्या चित्राला मी बघितलंच नव्हतं, नुसतं छान म्हटलं होतं."

मी थांबलो. म्हटलं, चूक माझी आहे, तुझी कशाला लिहितेस.

"तू टाइप कर. मास्तर तू आहेस की मी?"

मग म्हणाली, "आणि खाके इस्त्री करून ठेव, चुरगाळलेत. मुलाखतीला न्यायचेत."

रविवार, ५ मे

मुलाखत झाली.

मोठी खोली, लांब टेबल, तीन माणसं. ताईने सुरुवातीलाच सगळं सांगून टाकलं, मग खाके मांडले. मधल्या चष्मेवाल्या बाईंनी एक खाका उचलून उजेडात धरला – ताईसारखाच. मला विचारलं, "का केलंस रे?"

मी ताईकडे बघितलं. ताई खिडकीबाहेर बघत बसली. मुद्दामच! पंखा केवढा आवाज करत होता.

शेवटी मीच म्हटलं, "ताई खूश व्हायची."

बाईंनी कोरा कागद सरकवला. "आता हिला काढ."

काढलं. नाक फारच मोठं झालं. बाई छान म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "दुसरा कान कुठे गेला?"

"केसांखाली आहे," मी म्हटलं. "दिसत नाही म्हणून नाही काढला."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. म्हणाले, कळवू.

परत येताना बसमध्ये ताईने ते चित्र मांडीवर ठेवलं होतं. बराच वेळ नाक बघत होती. मग एकटीच हसायला लागली. "मेल्या," म्हणाली.

गुरुवार, १६ मे

पत्र नाही. आई म्हणते, नाही जमलं तर नाही, नोकरी आहेच. ताई हो म्हणते आणि रोज फाटकाकडे बघते. ते खाके मी कपाटामागे टाकलेत. खरं सांगितलं म्हणून तिचं गेलं, तर मी काय करायचं?

शनिवार, १ जून

ताईला मिळालं. पंधरा दिवसांत जाणार. आई रडतेय, ताई बॅग शोधतेय, फोन वाजतोय आणि कोणीच घेत नाहीय.

मी खाके आणून दिले तेव्हा धरूनच चाललो होतो की आता तिला प्रवेश मिळणार नाही, ती इथेच राहणार. नुसतं धरून चाललो होतो, की तेच हवं होतं मला?

फोन मी घेतला. पेंटरकाका होते. मांजरीची तीन पिल्लं आता चालायला लागलीत, एक आत्ताच निळ्या रंगात लोळून आलंय.