तिची स्वतःची नाही

सोमवार, ३
घर लागलं एकदाचं. तिसरा मजला, दोन खोल्या, खाली बेकरी. पहाटे वासानेच जाग येते. लेकीने खिडकी ताब्यात घेतलीय. वय पाच, थाट घरमालकिणीचा.

नोकरीही मजेची. इथल्या रहिवाशांची नोंदवही आता कॉम्प्युटरवर आहे, जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत. माणूस म्हणजे एक ऑब्जेक्ट. पत्ता, जन्म आणि मेल्यावरच निधन, या त्याच्या प्रॉपर्टी. जी स्वतःच्या नोंदीत नसेल ती कुटुंबप्रमुखाच्या नोंदीतून वारशाने येते, म्हणून पत्ता एकदाच लिहायचा. एखादी प्रॉपर्टी आहे का, हे विचारायचे दोन मार्ग. ‘इन’ वारशाचीही धरतो, ‘हॅजओन’ फक्त स्वतःची. घरी सांगितलं, दिवसभर लोकांची प्रॉपर्टी तपासतो. बायको म्हणाली, आपली कुठे सापडते का तेही बघ.

बुधवार, ५
आधीच्या माणसाची चूक सापडली. तो प्रॉपर्टीची किंमत बघायचा. किंमत रिकामी असली की प्रॉपर्टीच नाही असं धरायचा. मी ‘इन’ लावलं. जिवंत माणसांच्या तीन नोंदींत ‘निधन’ निघालं, तारीख मात्र नाही. आमचा बेकरीवाला आणि त्याचे दोन मुलगे. त्याची स्वतःची, मुलांची वारशाने.

हेडक्लार्क बाईंना दाखवलं. त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, ही कुणी लिहीत नाही, आपोआप येते. मी मनात म्हटलं, नव्या माणसाची फिरकी घेताहेत, दुसरं काय!

शुक्रवार, ७
बेकरीचं शटर खाली. सकाळी भट्टीचा धूर कोंडला. तिघंही आत होते.

ऑफिसात धावतच गेलो, नोंद उघडली. तारीख भरलेली, आजची. बाई नुकत्याच येत होत्या, पर्स अजून खांद्यावरच होती.

सोमवार, १०
आमची नोंद झाली. मी प्रमुख, खाली दोघी. लेकीवर ‘निधन’साठी ‘इन’ चालवलं.

आहे.

‘हॅजओन’ म्हणतं, नाही. तिची स्वतःची नाही. बायकोचीही नाही. मग माझ्यावर चालवलं.

माझी आहे. रिकामी.

पुसली. पुसली गेल्याचं उत्तर आलं. पुन्हा विचारलं, आहे. दहा वेळा पुसली. बाई म्हणाल्या, आधीच्यानेही बोटं झिजवली होती, शेवटी रिकामी दिसूच नये असं करून ठेवलं. पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि दुसरीकडे बघत राहिल्या.

मंगळवार, ११
दोघींना म्हटलं, आजच माहेरी जा. कारण सांगता येईना. बायकोने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

एकच उपाय. वारसाच तोडायचा. दोघींच्या नोंदींवरून प्रमुख काढायला घेतला. बाईंनी हात धरला. म्हणाल्या, नुसता पत्ता नाही जाणार, विचार करा. मी विचारलं, जीव राहील ना? त्यांनी माझा हात सोडला.

तोडला. ‘इन’ चालवलं. नाही! दोघींचंही नाही!

संध्याकाळी बायकोने साखळी न काढताच दार उघडलं. कोण पाहिजे, म्हणाली.

बुधवार, १२
जिन्यात बसलोय. ती दोनदा सांगून गेली, इथे थांबू नका, घरात लहान मूल आहे. आवाज तोच. रागही नाही त्यात. अनोळखी माणसाशी बोलतात तसा—

पुन्हा जोडता येईल. एक ओळ. पण मग ‘निधन’ही परत दोघींकडे—

नाही.

बाईंचा फोन. रडत होत्या. माझी तारीख भरलेली दिसतेय म्हणाल्या. आजची.

लेक दाराच्या फटीतून बघतेय. म्हणाली, काका, तुम्हाला न्यायला कुणी येत नाही का? म्हटलं, येतंय.

खाली जायला हवं. तिच्यासमोर नको— उठवत नाही— छातीत— हात—

पाणी आणते म्हणाली. आत गेलीय. ती यायच्या आत—