पंगतीतला आवाज

अण्णा, परवा पुन्हा तुमचा आवाज बंद केला. रागावू नका, पोटापाण्याचा धंदा आहे, आणि तो नांदेडातल्या तुमच्याच दुकानात चाललाय. तुम्ही ज्यांच्या लग्नांच्या कॅसेट काढल्यात त्यांची पोरं आता मोठी झालीत. आईबापाच्या लग्नाच्या वाढदिवसाला ती जुनं शूटिंग पेनड्राइव्हवर घालून आणतात आणि म्हणतात, तीन तासांचं तीन मिनिटांत बसवा, वर गाणं टाका, आणि मागं एक माणूस सारखा ओरडतोय त्याला काढा. मी बरं म्हणते. फाइल कॉम्प्युटरवर घेतली की चित्राखाली आवाजाची हिरवी पट्टी उमटते. तुम्ही बोलता तिथं ती उंच होते. न ऐकताच मला कळतं, हे अण्णा. तेवढं दाबायचं आणि पुढं जायचं. खांदे भरून येतात, डोळे चुरचुरतात, आणि कंटाळा आला म्हणायचीही सोय नाही.

तुम्ही गप्प बसणारे नव्हतातच. लग्नात त्रिशरणाची वंदना चालू असतानासुद्धा नवरीला "ताई, मान वर करा" म्हणायचात आणि घरी आल्यावर आई तुम्हाला फैलावर घ्यायची. पंगतीवर तर तुमचा भारी जीव. एकही जेवणारा सुटता कामा नये, सुटला की पाहुणा रुसतो आणि आपलं नाव जातं, हे तुमचं शास्त्र. अख्ख्या जिल्ह्याची तोंडं टिपलीत आणि घरात तुमचा स्वतःचा एकच फोटो, तो भिंतीवरचा. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. तुमचा आवाज ऐकायचा तर मला लोकांच्या लग्नात जावं लागतं.

परवाचं काम बिलोलीतल्या एका जुन्या लग्नाचं. काम सांगून गेलेला मुलगा व्हिडिओ न्यायला आला तो आईला घेऊनच. ती खुर्चीच्या कडेला बसून आपलंच लग्न बघत होती. पंगत आली, वर गाणं चाललेलं, आणि ती एकदम म्हणाली, "आवाज कुठं गेला ओ? हितं आमच्या सासूचं ताट रिकामं व्हतं. वाढपी तसेच पुढं गेले, तर त्या कॅमेरावाल्यानं हाक मारून बुंदी मागवली. म्हातारी मरेपर्यंत सांगायची."

"मम्मी, मीच काढाय सांगितलं ते. गाणं बिघडवून राहिला तो माणूस."

"तुला काय कळतंय? लावा ओ ताई, तसंच लावा."

मी गाणं खाली केलं, पट्टी उघडली. "ए बुंदी! इकडं आणा रे, आजीचं ताट रिकामं हाय. आजी, माझ्याकडं बघू नका, जेवा निवांत." या दुकानात तुम्ही एवढ्या मोठ्यानं किती वर्षांनी बोललात! मला रडू फुटलं, तर मी माउसची वायर सोडवत बसले.

उठताना बाईंनी विचारलं, "हायत का ओ ते अजून?"

व्हिडिओ चालूच होता. तुम्ही पुढच्या ताटावर गेला होतात, तिथं कुणाला तरी वरण हवं होतं.

"हाव, हायत," मी म्हणाले.

"मग सांगा त्यांना, सासूबाई पोटभर जेवल्या म्हणून."

तेवढा निरोप द्यायला हे लिहायला बसले. टाकणार कुठं, ते मलाही ठाऊक नाही. मी खोटं बोलले, अण्णा. पण तुम्ही मागं एवढं ओरडत असताना मला 'न्हाईत' म्हणवलं नाही.